स्टँडअपला बॉट बसवायचा, की लिहूनच भागवायचं?

हिंगणघाटला बसून पुण्याच्या क्लायंटचं सॉफ्टवेअरचं काम करणारी आमची 7 जणांची टीम. दोघं ऑफिसात, म्हणजे एका मेडिकल दुकानाच्या वरच्या खोलीत; बाकीचे समुद्रपूर, वरोरा, उमरेडकडच्या गावांतून. वर्षभरात एआयच्या दोन तऱ्हा वापरून झाल्या. अशीच टीम असेल आणि काय घ्यावं ते ठरत नसेल, तर हा आमचा हिशेब.

पहिली तऱ्हा: सकाळच्या स्टँडअपला, म्हणजे कोणाचं काय चाललंय ते सांगायच्या रोजच्या छोट्या कॉलला, बॉट बसतो, सगळ्यांचं ऐकतो आणि शेवटी सारांश, कोणाकडे कोणतं काम, असं सगळं पाठवतो. दुसरी: प्रत्येकाने दहापर्यंत ग्रुपवर दोन-चार ओळी टाकायच्या, देवनागरीत, रोमनमध्ये, जमेल तसं. एआय त्या वाचून कोण कोणापायी अडलंय तेवढं वर काढतो.

दिसायला पहिली सोपी. कोणाला काही लिहावं लागत नाही, स्क्रम मास्टरची (स्क्रम या कामाच्या पद्धतीत बैठका सांभाळणाऱ्याची) नोट्स काढण्यातून सुटका होते. कॉल इंग्रजीत चालत असेल आणि नेट तुटत नसेल, तर तीच घ्या.

आमची गाडी भाषेवर अडली. एका सकाळी टेस्टर म्हणाला, "रात्री लाईन गेली, म्हणून रिलीज रायलं." बॉटने इंग्रजीत लिहिलं, की कोडमधली एक ओळ उडाल्याने रिलीज थांबलं. सारांश तेव्हा आपोआप क्लायंटलाही जायचा. अकराला पुण्याहून फोन: कोणती लाईन, कोणी काढली? इकडे लाईन जाते म्हणजे वीज जाते, हे समजावण्यात अर्धा तास गेला. "पाह्यतो ना बावा" हा तर निम्म्या वेळा गोड शब्दांतला नकार असतो. बॉट त्यावर नाव आणि तारीख टाकून मोकळा. एकदा कोणाच्या तरी सासऱ्यांनी मागून विचारलेला सोयाबीनचा भावही सारांशात आला होता.

आवाज ओळखणारी मॉडेलं मुख्यतः इंग्रजीवर वाढलेली असतात. 2022 मध्ये आलेल्या व्हिस्पर या मॉडेलचंच पाहा: शिकवायला 6,80,000 तासांचा आवाज, त्यात इंग्रजी सोडून 96 भाषांच्या लेखनाला मिळून 1,17,000. त्यात मराठी किती आणि वऱ्हाडी किती, अंदाज तुम्हीच बांधा.

लिहिल्यावर हे सगळं मिटतं असं नाही. "line geli" वर पहिल्या आठवड्यात तीच चूक झाली. पण सारांश आधी ग्रुपवर येतो, त्यामुळे ज्याचं वाक्य त्यानेच दोन मिनिटांत दुरुस्त केलं. मग आम्ही इथल्या वीस-पंचवीस शब्दांची यादी एआयच्या सूचनांत टाकली, आणि तो प्रश्न संपला. नेट गेलं तरी मेसेज उशिरा का होईना पोचतो, हा वेगळा फायदा.

लिहिण्याचा खरा तोटा महिन्याभराने कळतो. "कालचंच चालू आहे" अशी ओळ रोज यायला लागते, आणि कोणाचा तरी आवाज पडलाय हे कोणाच्या कानावर येत नाही. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे स्टँडअपचे तीन ठरीव प्रश्न 2020 च्या स्क्रम गाइडनेही, म्हणजे या पद्धतीच्या मूळ पुस्तिकेनेही, काढून टाकले. आम्ही एकच ठेवला: आज कोणाची मदत लागेल? शिवाय सोमवारी आणि गुरुवारी 15 मिनिटं बोलायचंच, बॉटशिवाय, वऱ्हाडीत.

रेट्रोमध्ये, म्हणजे झालेल्या कामात काय चुकलं-जमलं ते बोलायच्या बैठकीत, मात्र एआयने जे काम केलं, ते आमच्यातल्या कोणालाच जमलं नसतं. नवी मुलं "दादा"समोर तोंड उघडत नाहीत. निनावी चिठ्ठ्या करून पाहिल्या, पण 7 जणांत निनावी काय राहणार? "काऊन" कोण लिहितो आणि "का बरं" कोण, हे सगळ्यांना पाठ. आता चिठ्ठ्या फॉर्ममधून थेट एआयकडे जातात. तो त्या एकाच साध्या मराठीत उतरवतो, सारख्या तक्रारी एकत्र करतो, मगच आम्ही वाचतो. पहिल्याच खेपेला निघालं, की टिकेटला, म्हणजे एकेका कामाला, किती वेळ लागेल हा अंदाज मीच आधी बोलून टाकतो आणि मग बाकीचे मान डोलावतात. समोरासमोर हे मला कोणी सांगितलं नसतं.

एका गोष्टीपासून दूर राहा: मूड आणि ॲक्टिव्हिटीचे गुण देणारे डॅशबोर्ड. दोन्ही तऱ्हांच्या टूलमध्ये ते फुकट चिकटून येतात. नोव्हेंबरात एका मुलाचा आलेख घसरला, टूलने लाल खूण केली. वेचणीला मजूर मिळेना म्हणून तो दोन दिवस शेतात होता आणि तसं सांगून गेला होता. युरोपियन युनियनने तर कामाच्या जागी चेहरा, आवाज अशा गोष्टींवरून एआयने भावना ओळखण्यावर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळता, 2 फेब्रुवारी 2025 पासून बंदीच घातली आहे. आपल्याकडे कोणी अडवत नाही, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन आपणच बंद करायचं.

बॉट आम्ही पूर्ण सोडलेला नाही. क्लायंटबरोबरचा पंधरवड्याचा रिव्ह्यू इंग्रजीत असतो, तिथे तो बसतो आणि बरं काम करतो. फक्त सारांश आता आधी माझ्याकडे येतो, मी वाचतो, मगच पुण्याला जातो.