जुन्या सायकलला मोटर : आठ महिन्यांनंतर

२०२४च्या जानेवारीत टँकरचालकांनी संप केला. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर हलेनात आणि मी नाशिकच्या पेठ रोडच्या पंपावर स्कूटर घेऊन दीड तास उभा होतो. त्या रांगेतच ठरवलं, सातपूरच्या रोजच्या फेरीला तरी दुसरं काहीतरी बघायचं. बघण्यातच वर्ष गेलं, ते सोडा.

इलेक्ट्रिक स्कूटर लाखाच्या घरात. मग कंपनीतल्या एकाने भद्रकालीतलं दुकान सांगितलं. दुकानाला पाटी नाही. तिथले चाचा जुन्या सायकलला मोटर बसवून देतात. २५० वॅटची, त्यामुळे लायसन्स नको, पासिंग नको. छत्तीस व्होल्ट, दहा अँपिअर-अवरची बॅटरी, चार्जर, सगळं बसवून साडेअठरा हजार. बिल मात्र वहीच्या पानावर, आणि वॉरंटी म्हणजे चाचांचा शब्द.

काम बघायला स्टूल टाकून बसलो होतो. मागच्या चाकाचे सगळे स्पोक काढून मोटरच्या हबभोवती नवे, आखूड स्पोक ओवले. मग चाक फिरवत, एकेक स्पोक बोटाने छेडत आऊट, म्हणजे चाकाची डगमग, काढला. आवाज बोदा आला की चावीचा पाव फेरा. पाऊण तास हेच. मी म्हटलं, चाचा, पुरे झालं. तर म्हणाले, "शेठ, वजन तुमचं आहे, चाक माझं."

रामवाडीच्या पुलावरून अशोक स्तंभाकडे चढताना पूर्वी मी उतरून ढकलायचो. आता पायडल मारत जातो, मोटर फक्त हात देते. इथल्याच महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार केली ती सायकलवर, त्यामुळे या गावात मोटर लावलेल्या सायकलवाल्याकडे बघून पोरं हसतात. हसू देत. माझं वय बावन्न आहे.

जाऊन-येऊन एकोणीस किलोमीटर. महिन्याला अकरा लिटर पेट्रोल वाचतं, म्हणजे पंचवीस किलो कार्बन डायऑक्साइड. बदल्यात वीज दहा युनिट. ती फुकट स्वच्छ नाही. कोळसा कसा जळतो ते एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या धुराड्यांकडे बघून कळतं. तरी आठेक किलोच्या वर हिशोब जात नाही.

तक्रारी आहेत. पहिल्याच पावसात ब्रेक दाबला की मोटर बंद करणाऱ्या कटऑफ स्विचमध्ये पाणी गेलं आणि सायकल त्र्यंबक नाक्यावर मुकी झाली. चाचांनी ट्यूबचा तुकडा कापून त्यावर चढवला, पैसे घेतले नाहीत. बॅटरीची पिशवी वॉटरप्रूफ म्हणून देतात, नाही. वर प्लास्टिक बांधावं लागतं. आणि चार्ज संपला, की तीच सायकल म्हैस होते.

खरी गोची घरात झाली. स्कूटर मोकळी दिसताच आमचे चिरंजीव सिटीबसचा पास सोडून तिच्यावर कॉलेजला जायला लागले. पंपावरचा खर्च निम्मासुद्धा उतरला नाही. किल्ली लपवून बघितली; त्याच्या आईने काढून दिली. हे मोटरच्या खात्यावर टाकता येत नाही, म्हणून दुकानाला पाचपैकी चार.

जाणार असाल तर आधी सायकलचे ब्रेक नवे करून घ्या, जुन्या रबरावर चाचा हातच लावत नाहीत. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं.