दुबई-शारजात गाडी: नवी कर्जावर, जुनी रोखीने की महिन्याच्या भाड्याने?

दुबईत नोकरीला आलेला मराठी माणूस पहिला उन्हाळा काढला की गाडीचं विचारायला लागतो. बहुतेकांचा प्रश्न ‘कोणती घेऊ’ असा असतो. माझ्या मते मॉडेल नंतर ठरवावं. आधी ठरवायचं ते हे, की आपण इथून निघू त्या दिवशी या गाडीचं काय होणार. पुण्यात घेतलेली गाडी दहा-बारा वर्षं दारात उभी राहू शकते. इथला व्हिसा नोकरीला बांधलेला आहे. गाडी गावी नेऊ म्हटलं तर तेही जमत नाही. इथलं स्टीअरिंग डावीकडे, आणि आपल्या आयातीच्या नियमांनुसार बाहेरून आणलेल्या गाडीचं स्टीअरिंग उजवीकडेच लागतं. म्हणजे गाडी इथेच विकायची किंवा इथेच परत करायची. तिन्ही पर्याय मी याच बाजूने बघतो.

त्याआधी परवान्याचं. पर्यटक व्हिसावर आलेल्याला भारतीय आणि आंतरराष्ट्रीय परवान्यावर भाड्याची गाडी मिळते, म्हणून पुष्कळांना वाटतं की नोकरीला लागल्यावरही ते चालेल. चालत नाही. रहिवासी व्हिसा झाला की भारतीय परवाना इथे उपयोगाचा राहत नाही आणि अपघात झालाच तर विमा हात वर करतो. ड्रायव्हिंग स्कूलमधून रीतसर परवाना काढावा लागतो. दुबईत २०२३ पासून ‘गोल्डन चान्स’ आहे, म्हणजे वर्ग न करता थेट रस्त्यावरची परीक्षा देण्याची एकच संधी. भारतात रोज गाडी चालवत असाल तर जरूर घ्या, पण इथल्या लेन आणि राउंडअबाउटचा सराव करून मगच जा. आणखी एक गोष्ट भारतातून निघण्याआधीची: तिथली गाडी विकत असाल तर विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घेऊन ठेवा. ते तीन वर्षं चालतं आणि परतल्यावर नव्या गाडीच्या विम्यात कामी येतं.

आता पैसे. खालचे आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे असतील, पण हिशेबाची पद्धत हीच.

समजा ६०,००० दिरहमची नवी छोटी सेडान. सेंट्रल बँकेच्या नियमाने कर्ज किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळतं आणि ते जास्तीत जास्त ६० महिन्यांत फेडायचं. म्हणजे १२,००० खिशातून, ४८,००० कर्ज. बँकेच्या जाहिरातीत २.५ टक्के व्याज असतं आणि शेजारी बारीक अक्षरात ‘फ्लॅट’ लिहिलेलं असतं. फ्लॅट म्हणजे हप्ते फिटत गेले तरी व्याज मूळ रकमेवरच धरायचं. पाच वर्षांचं व्याज ६,००० आणि हप्ता ९०० दिरहम. आपल्याकडे गृहकर्जाला जसं घटत्या शिल्लकीवर व्याज मोजतात तसं मोजलं तर हाच दर ४.७ टक्क्यांच्या आसपास जातो. दोन बँकांची तुलना करताना दोघींचा दर एकाच पद्धतीतला आहे ना, ते विचारून घ्या.

हा माणूस सहा महिन्यांत नोकरी गेल्याने परत निघाला असं धरू. बँकेचे अजून सुमारे ४३,७०० देणं आहे. घाईत विकलेल्या गाडीचे ४६,००० आले तरी हातात जेमतेम २,३०० पडतात, आणि तोवर डाऊन पेमेंट, हप्ते, विमा मिळून १९,००० च्या वर गेलेले असतात. म्हणजे सहा महिन्यांच्या गाडीला सतरा हजार. तीच गाडी महिन्याला १,५०० अधिक ५ टक्के व्हॅट अशा भाड्याने घेतली असती तर ९,४५० त काम झालं असतं.

दोन वर्षं धरली की चित्र बदलतं. भाड्याचे ३७,८०० होतात. नवी गाडी दोन वर्षांनी ४०,००० ला विकून, उरलेलं कर्ज फेडून, विमा आणि सर्व्हिसिंग धरून एकूण खर्च तीस-एकतीस हजारांवर येतो. आणि ३०,००० ला रोखीने घेतलेली पाच वर्षांची जुनी गाडी दोन वर्षांनी २४,००० ला गेली, मध्ये टायर, बॅटरी, किरकोळ दुरुस्ती, विमा, पासिंग असे दहा हजार खर्च झाले, तर सगळं मिळून सोळा हजार. फरक जवळजवळ निम्म्याचा आहे.

माझा कल म्हणूनच जुन्या गाडीकडे आहे, आणि तो फक्त पैशामुळे नाही. रोखीची गाडी पूर्णपणे आपली असते. कर्जाच्या गाडीच्या मुल्कियावर (आपल्या आरसी बुकासारखं कार्ड) बँकेचा बोजा नोंदलेला असतो. बँकेचं क्लिअरन्स होईपर्यंत ती दुसऱ्याच्या नावावर होत नाही. बोजा उतरवून देणारी दुकानं आणि एजंट आहेत, पण त्यांचं मोल शेवटी तुमच्या किमतीतूनच वजा होतं. आणि कर्ज तसंच टाकून विमानात बसण्याचा विचारही करू नका. कर्ज घेताना बँकेला दिलेला चेक न वटल्यावर २०२२ पासून बहुतेक प्रकरणांत तुरुंगवास होत नाही, तरी बँक तो चेक घेऊन थेट अंमलबजावणीच्या न्यायालयात जाऊ शकते आणि प्रवासबंदी लागू शकते. गावी आईवडील आजारी आहेत आणि विमानतळावर अडकलो, ही वेळ कुणावरही येऊ नये.

जुनी गाडी घेताना एक शब्द पक्का लक्षात ठेवा: जीसीसी स्पेक. आखाती देशांसाठी बनवलेल्या गाडीत रेडिएटर आणि एसी इथल्या उन्हाच्या हिशेबाने दिलेले असतात. अमेरिकेहून आणलेली गाडी हजारो दिरहमने स्वस्त दिसते. त्यातल्या पुष्कळ गाड्या तिकडे अपघातात सापडून निकाली काढलेल्या असतात, इकडे डागडुजी करून विकल्या जातात. अशा गाडीला पूर्ण विमा द्यायला कंपन्या नाखूश असतात आणि विकताना गिऱ्हाईक भाव पाडतं. अल अविरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात जा, हरकत नाही, पण पैसे देण्याआधी चेसिस नंबरवरून अपघाताची नोंद बघा आणि एखाद्या तपासणी केंद्रात गाडी लिफ्टवर चढवून घ्या. काहीशे दिरहम लागतात. माझ्या ओळखीत ज्यांनी हे केलं नाही, त्यांना पुढे कित्येक पट भरावे लागले.

विम्यावर लोक सगळ्यात चुकीची काटकसर करतात. जुनी गाडी आहे, थर्ड पार्टी पुरे, असं म्हणतात. थर्ड पार्टीत समोरच्याच्या मालमत्तेचं नुकसान २० लाख दिरहमपर्यंत भरून मिळतं, तुमच्या गाडीचं काहीच नाही. १६ एप्रिल २०२४ ला जो पाऊस झाला तो १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वाधिक होता. अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५० मिलिमीटरच्या वर पडला. शारजाच्या काही भागांत पाणी कित्येक दिवस उतरलं नाही. तळमजल्याच्या पार्किंगमधल्या गाड्या सीटपर्यंत बुडाल्या आणि थर्ड पार्टीवाल्यांना एक पैसा मिळाला नाही. त्या आठवड्यात आमच्या इमारतीखाली उभे राहून फोन लावणारे चेहरे मला अजून आठवतात. गाडीची किंमत पंधरा-वीस हजारांच्या वर असेल तर पूर्ण विमाच घ्या आणि पॉलिसीत नैसर्गिक आपत्ती स्पष्ट लिहिली आहे का ते स्वतः वाचा. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायचा प्रयत्न करू नका. इंजिनात पाणी जाऊन ते खलास होतं आणि दाव्यालाही अडचण येते.

पूर्ण विम्याच्या दराला २०१७ पासून वरची मर्यादा आहे: सेडानला किमतीच्या ५ टक्के, फोर-व्हील ड्राइव्हला ७. पॉलिसी १३ महिन्यांची असते, कारण मुल्किया दरवर्षी नूतनीकरणाला जातं आणि त्याला महिनाभराची सवड धरलेली आहे. ‘एजन्सी रिपेअर’ म्हणजे दुरुस्ती गाडीच्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये. जादा पैसे पडतात. नव्या गाडीला दोन-तीन वर्षं ते असावं, पाच वर्षांच्या गाडीला माझ्या मते गरज नाही. चालक आणि कुटुंबासाठीचं अपघात संरक्षण वेगळं मागून घ्यावं लागतं, रक्कम लहान आहे, घ्याच. विमा ओमानमध्येही चालेल असा विस्तारही विचारा. सलालाला पावसाळ्यात जायचं तर तो लागतोच. तिथल्या पावसाळ्याला ‘खरीफ’ म्हणतात, आपला खरीप हंगाम त्याच अरबी शब्दातून आलेला. भाड्याच्या गाडीने ओमानला जाण्यासाठी कंपनीचं पत्र आणि वेगळा विमा लागतो आणि सगळ्या कंपन्या देत नाहीत.

ओरखडा असो की अपघात, पोलिसांचा कागद लागतोच. त्याशिवाय कुठलंही गॅरेज गाडीच्या पत्र्याला हात लावत नाही. हिरवा कागद म्हणजे चूक तुमची नाही, लाल म्हणजे तुमची. भाड्याच्या गाडीला कागद नसेल तर सगळा खर्च तुमच्या अनामतीतून जातो.

देखभालीत इथला खरा शत्रू ऊन आहे. भारतात चार वर्षं चालणारी बॅटरी इथे दोन वर्षांत राम म्हणते, तेही सहसा ऑगस्टच्या दुपारी. टायरवर खाच बाकी दिसली तरी रबर कडक झालेलं असतं. बाजूच्या चार आकड्यांत बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं, पाच वर्षांवरचा टायर पासिंगला अडतो. एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर वाळूने लवकर भरतो, सर्व्हिसिंगच्या मध्येही उघडून बघा. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आणि अल कूझमध्ये चांगली गॅरेजेस आहेत, हिंदीत बोलता येतं, आणि जुना काढलेला पार्ट दाखवा म्हटलं की दाखवतात. दाखवला नाही तर पुन्हा तिकडे जाऊ नका.

भाड्याच्या गाडीची जमेची बाजू इथेच आहे. विमा, पासिंग, सर्व्हिसिंग, बॅटरी सगळं त्यांचं. तुमचं फक्त पेट्रोल, सालिक आणि दंड. सालिकचा टोल जानेवारी २०२५ पासून गर्दीच्या वेळी ६ दिरहम आहे, रात्री १ ते ६ सोडून एरवी ४. शारजाहून रोज ये-जा करताना एकच नाका लागला तरी महिन्याला अडीचशेच्या वर जातात, आणि भाड्याची कंपनी प्रत्येक टोलवर आणि दंडावर आपला आकार चढवते. किलोमीटरची मर्यादाही असते. शारजा ते जेबेल अली रोज जाणाऱ्याने ती आधी मोजून बघावी. परवान्याला वर्ष झालं नसेल तर बऱ्याच कंपन्या गाडी देत नाहीत किंवा अनामत वाढवतात.

गणपतीला किंवा उन्हाळ्यात महिनाभर गावी जाणाऱ्यांनी हेही धरावं. भाड्याची गाडी परत देऊन जाता येतं. स्वतःची रस्त्यावर धूळ खात राहिली तर दुबईत नगरपालिकेचा ५०० दिरहम दंड बसू शकतो. धुणाऱ्याला महिन्याचे पैसे आणि शेजाऱ्याला किल्ली देऊन जा.

मी कुणाला काय सांगेन? प्रोबेशन चालू असेल तर गाडी महिन्याच्या भाड्याने, आणि ऑफिस मेट्रोच्या वाटेवर असेल तर तीही नको. शारजात मेट्रो नाही, तिथल्यांना हा सल्ला लागू नाही. नोकरी स्थिर, दोन-तीन वर्षं नक्की राहणार, तर जीसीसी स्पेकची चार-पाच वर्षांची जपानी सेडान, पूर्ण विम्यासह, रोखीने. मुलं लहान, बायको-नवरा दोघंही कमावते, पाच वर्षांच्या पुढचा बेत असेल तर नवी कर्जावर घ्यायला हरकत नाही, पण सहा हप्त्यांएवढे पैसे बाजूला ठेवल्यावरच.

जुनी गाडी शक्यतो देश सोडून जाणाऱ्या कुटुंबाकडून घ्या. त्यांच्याकडे सर्व्हिसची सगळी बिलं असतात आणि ती दाखवताना ते मागेपुढे बघत नाहीत. अशा गाड्या जूनमध्ये, शाळांना सुट्ट्या लागायच्या सुमारास, सगळ्यात जास्त निघतात. तुम्हाला स्वतःची विकायची वेळ आली तर मात्र जूनपर्यंत थांबू नका. फेब्रुवारी-मार्चमध्येच, व्हिसा चालू असताना विका.