सांडपाण्यातून वीज की गॅस? डेअरीसाठी दोन पर्यायांची तुलना

दिवसाला 1 लाख लिटर सांडपाणी सोडणारी एक डेअरी धरू. सीओडी, म्हणजे पाण्यातला मळ जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप, लिटरला 3,000 मिलिग्रॅम, म्हणजे रोज 300 किलो. ईटीपीचे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचे, हवा फुंकणारे ब्लोअर रात्रंदिवस चालतात आणि दर किलो सीओडीमागे अर्धा ते एक युनिट वीज खातात. अशा वेळी 'हेच पाणी वीज देतं' असं कानावर आलं, की मालकाचे कान टवकारणारच. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत : यूएएसबी, म्हणजे हवेविना चालणारी बायोगॅसची टाकी, किंवा सूक्ष्मजीव इंधन घट (मायक्रोबियल फ्युएल सेल), म्हणजे जिवाणूंकडून थेट वीज घेणारी टाकी.

राबतात दोन्हीकडे जिवाणूच. यूएएसबीत ते मळ पचवून मिथेन सोडतात. इंधन घटात जिओबॅक्टरसारखे जिवाणू ॲनोडवर, म्हणजे घटाच्या एका विद्युत टोकावर, थर धरून बसतात आणि मळ खाताना सुटलेले इलेक्ट्रॉन त्यालाच देतात. ते तारेतून कॅथोडकडे, म्हणजे दुसऱ्या टोकाकडे, जातात, तिथे हवेतला ऑक्सिजन त्यांना घेतो. जिवाणूंपासून वीज मिळते हे इंग्लंडात एम. सी. पॉटर यांनी 1911 मध्येच दाखवलं होतं.

आता हिशोब. यूएएसबीने 80 टक्के सीओडी काढला, तर किलोमागे 0.35 घनमीटर या दराने रोज सुमारे 84 घनमीटर मिथेन मिळतो. उष्णतेत मोजलं तर जवळपास तेवढेच लिटर डिझेल. डेअरीला वाफ लागतेच, त्यामुळे गॅस थेट बॉयलरला देता येतो, मधे इंजिनाची गरज नाही.

इंधन घटाचं तसं नाही. कागदावर 1.1 व्होल्ट दिसतात, पण भार टाकला की हाती साधारण 0.3 ते 0.5 उरतात. 1 किलो सीओडीतला एकूण एक इलेक्ट्रॉन पकडला, तरी 0.4 व्होल्टला 1.3 युनिटच होतात. प्रत्यक्षात बरेच इलेक्ट्रॉन दुसरेच जिवाणू पळवतात. टाकी मोठी केली की घनमीटरमागे काही वॅटच पदरात पडतात. 2 वॅट धरले, तर 100 घनमीटरच्या टाकीतून दिवसाला 5 युनिटही नाहीत.

म्हणून विजेसाठी इंधन घट घेऊ नका. त्याची खरी कमाई ब्लोअर न चालवण्यात आणि गाळ कमी होण्यात आहे. पण ती कमाई यूएएसबीही देते, आणि वर गॅस देते.

मग इंधन घट कुठे सरस? पाणी पातळ असेल तिथे. सीओडी काही शेंवर आला, की मिथेनचा मोठा वाटा पाण्यातच विरघळून जातो. थंडीतही इंधन घट बायोगॅसइतका मंदावत नाही, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचं फारसं अप्रूप नाही. गॅसचा साठा, हायड्रोजन सल्फाइडचा वास, आगीची भीती हे मात्र टळतं, आणि छोट्या जागेत ही गोष्ट लहान नाही. उलट डेअरीतली चरबी यूएएसबीला छळते. ती आधी काढावीच लागते.

मोठ्या प्रमाणावरचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या याटाला इथल्या बिअर कारखान्यात 2007 मध्ये 3 मीटर उंचीच्या 12 नळ्यांचा इंधन घट बसवला होता. बिअरच्या सांडपाण्याची विद्युतवाहकता कमी, त्यात कॅथोडवर जिवाणूंचा थर साचला, आणि प्रयोगशाळेतले आकडे तिथे उतरले नाहीत.

आशेची जागाही आहे, आणि मला ती मनापासून मोलाची वाटते. आयआयटी खरगपूरला मकरंद घांग्रेकर यांच्या गटाने ॲनोड आणि कॅथोडच्या मधे लागणाऱ्या महागड्या नाफिऑन पडद्याऐवजी साधं मातीचं मडकं वापरलं. राईस मिलच्या सांडपाण्यावर मडक्याच्या घटाने नाफिऑनच्या घटापेक्षा जास्त वीज दिली. खर्चाचा एक मोठा अडसर कुंभाराच्या चाकावर सुटू शकतो.

माझा कौल : 3,000 सीओडीच्या पाण्याला यूएएसबी. त्यातून बाहेर पडणाऱ्या पातळ पाण्यावर हवं तर हजारभर लिटरचा इंधन घट चाचणीपुरता लावा. तुमच्या परवान्यात बीओडी (जिवाणूंना मळ पचवायला लागणारा ऑक्सिजन) 30 आणि सीओडी 250 मिलिग्रॅमची मर्यादा असेल, तर ती गाठायला दोन्हींनंतर हवेची एक छोटी टाकी लागेलच, ती दरपत्रकात आहे का ते बघा. आणि घट विकायला कुणी आला, तर तीन गोष्टी लेखी मागा : तुमच्याच पाण्यावर सहा महिने चालवून मिळालेले घनमीटरमागचे वॅट, कॅथोड किती महिन्यांनी बदलावा लागेल, आणि तो बदलायचा खर्च.