दिशा दाखवणारा आवाज: काही महिन्यांच्या वापरानंतर

काचबिंदूमुळे माझ्या नजरेच्या कडा गेल्या आहेत. समोरचं नीट दिसतं, बाजूचं नाही. त्यामुळे टेबलावरच्या किल्ल्या शोधायच्या तरी सगळं टेबल इंच इंच तपासावं लागायचं. गेले काही महिने मी डोक्याची हालचाल ओळखणारे इअरफोन आणि वस्तूच्या जागेवरून आवाज येतोय असं भासवणारं अ‍ॅप वापरतेय. आता ते सोडवत नाही.

फोनचा कॅमेरा वस्तूची जागा धरून ठेवतो आणि तिथून टकटक सुरू होते. मान वळवली तरी आवाज जागचा हलत नाही, सगळी गंमत त्यात आहे. उजवीकडून येतोय? उजवीकडे वळत राहायचं. दोन्ही कानांत सारखा झाला की वस्तू नाकासमोर. डोळ्यांना मग वीतभरच जागा धुंडाळायची उरते.

डावं-उजवं इतकं चोख कळतं, कारण बाजूने आलेला आवाज लांबच्या कानाला जास्तीत जास्त 0.7 मिलिसेकंद उशिरा आणि थोडा मंद पोचतो. मेंदूला तेवढं पुरतं. वर-खाली मात्र कानाच्या बाहेरच्या वळ्यांवरून ठरतं, त्या प्रत्येकाच्या वेगळ्या आणि अ‍ॅप मात्र सरासरी कान धरून आवाज बनवतं. त्यामुळे कपाटाचा कोणता भाग ते लगेच कळतं, कोणती फळी ते नाही. फळ्या मी डोळ्यांनीच बघते. तरीही आधीच्या मानाने कितीतरी लवकर काम होतं.

आवाज निवडताना गोड घंटी घेऊ नका. एकसुरी आवाजाची दिशा पटकन लागत नाही. खस्स असा खरखरीत आवाज घ्या, त्यात खालपासून वरपर्यंतच्या सगळ्या फ्रिक्वेन्सी असतात. आणि हालचाल न ओळखणारे इअरफोन तर नकोतच, कारण आवाज पुढचा की मागचा हा घोळ मान जराशी हलवल्यावरच सुटतो. दोन्ही कानांनी साधारण सारखं ऐकू येत नसेल, तर आधी वापरून बघा.

बाहेर जागा जीपीएसवरून ठरते आणि तो काही मीटर चुकतो. इमारतीपर्यंत पोचवतो, दरवाजा स्वतः शोधायचा. रस्त्यावर कान उघडे ठेवणारेच इअरफोन हवेत, वाहनांचा आवाज बुडता कामा नये.

एक काळजी आहे. मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये आणलेलं साउंडस्केप हे असंच आवाजाने दिशा दाखवणारं अ‍ॅप 2023 मध्ये बंद झालं. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केल्यामुळे इतरांना ते पुढे नेता आलं. अशा साधनावर रोजचं जगणं उभं राहतं, म्हणून मी आता अ‍ॅप घेताना कोड खुला आहे का, हे आधी बघते. बनवणाऱ्यांकडे मागणं एकच: आवाज ज्याच्या-त्याच्या कानाच्या आकारानुसार जुळवून द्या, म्हणजे फळीही कळेल.