बी कुठली, तेही लिहिणारे दुकान : वेंगुर्ल्याजवळील एका काजू कारखान्याचे विक्रीकेंद्र

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका लहान काजू कारखान्याने आपल्याच पडवीत किरकोळ विक्री सुरू केली आहे. मालकीणबाईंना प्रसिद्धी नको असल्यामुळे कारखान्याचे नाव येथे देत नाही. परिसरात सगळे त्यांना काकी म्हणतात आणि मीही तसेच म्हणतो. गेल्या दोन वर्षांत मी येथून सहा-सात वेळा काजूगर घेतला आहे.

प्रथम मालाविषयी. डब्ल्यू २४० हा प्रतीचा आकडा म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे अख्खे गर, त्यामुळे आकडा जितका लहान तितका गर मोठा. येथील डब्ल्यू २४० खरोखरच एकसारखा असतो; खाली तुकडा आणि वर अख्खा गर, असली भर या डब्यात मला कधी आढळली नाही. वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ या येथील फळ संशोधन केंद्राच्या जातींची बी, म्हणजे न फोडलेला काजू, काकी शक्यतो वेगळी ठेवतात. तिचा गर तोंडात टाकल्यावर आधी गोडसर लागतो आणि मग दुधासारखी चव जिभेवर रेंगाळते. खारवलेला काजू मात्र मला फार खारट वाटला. घरी भाजीसाठी किंवा शिऱ्यासाठी घ्यायचा असेल तर पाकळी, म्हणजे दोन भागांत सुटलेला गर, घ्यावी. चव तीच असते आणि पैसे वाचतात.

परंतु हे परीक्षण लिहावेसे वाटले ते भिंतीवरच्या काळ्या फळ्यामुळे. प्रत आणि भाव सगळेच लिहितात. येथे त्यांच्या शेजारी खडूने आणखी दोन रकाने आखले आहेत : ‘बी कुठली’ आणि ‘हंगाम कधीचा’. मागच्या भेटीत पहिल्या ओळीत वेंगुर्ला होते, दुसऱ्या ओळीत टांझानिया. दोन्ही गर वेगळ्या डब्यांत होते आणि भावही वेगळे होते. रस्त्यावरची कितीतरी दुकाने परदेशी बीचा गर ‘कोकणचा काजू’ म्हणून पर्यटकांच्या हाती देतात, हे येथे कोणालाही ठाऊक आहे. काकींना याबद्दल विचारले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “खोटा सांगान गिरायक टिकणा नाय.”

फळ्यावरच्या त्या टांझानियाच्या ओळीचे मोल मला विशेष वाटते, कारण मी अनेक वर्षे एका बँकेच्या या भागातील शाखांत कर्जखाती सांभाळली आहेत. आपली बी फेब्रुवारी ते मे या काळात येते. कारखाना वर्षभर चालवायचा तर एकतर चार महिन्यांत सगळी बी विकत घेऊन ठेवावी लागते, म्हणजे कर्जाचा डोंगर उभा राहतो. नाहीतर बाहेरून आणावी लागते. टांझानियाचे पीक ऑक्टोबरपासून निघते, म्हणजे आपले साठे संपत येतात तेव्हा त्यांची बी जहाजावर चढते. त्यामुळे टांझानियात कोण सत्तेवर आहे, यावर सिंधुदुर्गातल्या किती भट्ट्या पेटणार हे बऱ्याच अंशी ठरते.

२०१८ साली हे मी जवळून पाहिले. व्यापारी देऊ करत असलेला भाव टांझानियातील शेतकऱ्यांनी नाकारला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन मागुफुली यांनी नोव्हेंबरमध्ये सगळे पीक सरकारच ३,३०० शिलिंग किलोने घेईल असे जाहीर केले, आपल्या दोन मंत्र्यांना काढले आणि बी उचलायला थेट लष्कर पाठवले. शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहण्याचा त्यांचा हेतू मी खोटा मानत नाही. पण माल गोदामांत अडकून पडला आणि त्याची विक्री पुढच्या वर्षावर गेली. माझ्याकडच्या एका खातेदाराची बी त्या हिवाळ्यात आलीच नाही. भट्टी थंड पडली, राख लावलेल्या बोटांनी बी फोडणाऱ्या बायका घरी बसल्या आणि थकबाकीची नोटीस माझ्या सहीने गेली. त्या सहीचे मला आजही वाईट वाटते. २०२१ मध्ये मागुफुली यांचे निधन झाले. त्यांच्या जागी आलेल्या सामिया सुलुहू हसन यांनी परदेशी गुंतवणूकदारांशी जुळवून घेण्याचे धोरण धरले. देश तोच, झाडेही तीच. माणूस बदलला आणि व्यापाऱ्यांचा भरवसा परत येऊ लागला.

पश्चिम आफ्रिकेतील बेनिन या देशाचे उदाहरण याहून वेगळे आहे. तेथे २०१६ साली सत्तेवर आलेले पात्रिस तालों स्वतः कापसाच्या व्यापारातले. त्यांच्या सरकारने १ एप्रिल २०२४ पासून कच्च्या बीची निर्यातच बंद केली, जेणेकरून बी तेथेच फुटावी आणि मजुरी तेथल्याच लोकांना मिळावी. आपल्याकडील कारखानदारांना ते जाचक वाटले, तरी मला त्यात अन्याय दिसत नाही. वेंगुर्ल्यातल्या बाईला जो रोजगार हवा, तोच तिकडच्या बाईलाही हवा.

अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरील वाढीव शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा येथेही घबराट पसरली होती. प्रत्यक्षात आपला बहुतेक गर देशातच खपत असल्यामुळे काजूला तो फटका कोळंबीइतका बसला नाही.

मात्र धोरण बदलायला सत्तांतरच व्हावे लागते असे नाही. कच्च्या बीवर लावलेले ५ टक्के आयात शुल्क त्याच केंद्र सरकारने २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात २.५ टक्क्यांवर आणले. कारखानदार खूश झाले, तर बागायतदारांचा सवाल होता की बाहेरची बी स्वस्त झाल्यावर आमची कोण विचारणार. पुढे २०२४ च्या हंगामासाठी राज्य शासनाला बागायतदारांना किलोमागे १० रुपये अनुदान द्यावे लागले. मी बागायतदाराच्या घरातला आहे, त्यामुळे माझा कल लपवत नाही : शुल्क कमी करताना येथल्या बीला हमीचा भाव आधी ठरायला हवा होता.

काकींच्या फळ्याचा उपयोग मला येथे दिसतो. बाहेरच्या बीचा गर स्वस्त का, तो गेल्या वर्षी का नव्हता आणि आज का आहे, हे गिऱ्हाईक विचारते, आणि त्या शांतपणे सांगतात. सगळी माहिती कळल्यावर स्थानिक गराला चार पैसे जास्त देणारी माणसे मी तेथे समोर पाहिली आहेत.

उणिवाही सांगायला हव्यात. पाव किलोच्या पाकिटावर भरल्याची तारीख शाईच्या शिक्क्याने मारतात आणि ती पुसट होते. एका पाकिटावर मला ती वाचताच आली नाही. बीचे गाव फळ्यावर आहे, पण पाकिटावर नाही, त्यामुळे पाकीट घरी गेले की दोन्ही गर सारखेच दिसू लागतात. हे काकींच्या कानावर घातले आहे. नवीन पाकिटे छापून येतील तेव्हा तो रकाना टाकीन, असे त्यांनी कबूल केले आहे. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात डब्ल्यू १८० आणि डब्ल्यू २१० लवकर संपतात, त्यामुळे ज्यांना मोठा गर हवा त्यांनी श्रावणातच सांगून ठेवावे.