ळ नसलेली मराठी अक्षरपेटी

जूनमध्ये बालवाडी उघडायच्या आठवडाभर आधी ही खरखरीत अक्षरांची पेटी ऑनलाइन मागवली. किंमत 1,850 रुपये, झाकणावर ठळक 'मराठी'. आमची बालवाडी चिपळूणला, मुलं 22, आणि पैसे माझ्याच पर्समधले. म्हणून सात महिने रोज वापरून मगच लिहितेय.

प्रत्येक पाटीवर पॉलिश पेपरचं अक्षर, मागे चित्र. पहिल्याच दिवशी मी ख ची पाटी उलटी धरली. मागे ससा. समोरून लगेच आवाज आला, "ताई, हा ससा आहे. स पाहिजे." बरोबर होतं त्याचं. शब्द उच्चारताना तोंडातून आधी काय निघतं ते ऐकू येणं, ही वाचनाची पहिली पायरी. ती पोराने चढली, पेटीवाल्यांचा पाय मात्र खरगोशात अडकला. ठ च्या मागे भांडी ठोकणारा माणूस. बराच वेळ मलाही कळेना, मग आठवलं, हिंदीतला ठठेरा! आमच्याकडे तो तांबट.

म्हणजे पेटी हिंदीची, फक्त झाकण मराठी. पुढे खात्रीच पटली, कारण आत ळ नाही. शाळा नाही, फळा नाही, केळं नाही, आणि खुद्द चिपळूण नाही! मदत क्रमांकावर फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, तिथे ल लावा ना." वेल आणि वेळ यांतला फरक मी त्यांना फोनवर समजावत बसले, यजमान स्वयंपाकघरातून हसत होते. बरं, तो ल तरी आपला असावा? तोही हिंदी वळणाचा, दंडवाला. पहिलीच्या पुस्तकात पोरांना पाकळ्यांचा ल भेटणार. 2009 च्या शासन निर्णयाने स्वरांत घेतलेले ॲ आणि ऑ तर यांच्या गावीही नाहीत, आणि आमची पोरं दिवसभर बॅट-बॉल करतात.

कोकणातला जुलै पाट्यांना सोसला नाही. कडा फुगल्या, भ आणि ण सुटून आले, फेविकॉलने बसवले. कागदही जरा जास्तच भरड, चार-पाचदा गिरवलं की बोटं लाल. सुरुवात कुठून करायची याची खूण नाही, त्यामुळे निम्मी मुलं आधी वरची रेघ ओढून मोकळी व्हायची. शेवटी मी प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीला कपाळाची लाल टिकली चिकटवली.

एवढं असूनही पेटी माळ्यावर गेली नाही, ती मात्रांमुळे. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार हे सगळं पाटीच्याच मापाच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर लाल रंगात छापलंय. अक्षरावर ठेवायचं की झालं. ज्यांनी पहिली वेलांटी शिकवलीय त्यांना यातलं सुख कळेल. ती लिहायची आधी, ऐकू येते नंतर. सुट्या ठोकळ्यांनी जुळवलं की पोरं डावीकडून सरळ वाचतात, "इ-च". इथे च वर वेलांटी अलगद उतरते आणि दोन्ही मिळून एकदम 'चि' होतात. फसते ती फक्त र पाशी, कारण र चा उकार पायाला नाही, पोटाला लागतो. तो मी फळ्यावरच दाखवते.

पाट्यांवर अ आ इ पासून क्रमांक आहेत, ते पाहू नका. मी नेहमीसारखी ग म भ न पासून निघाले. वळणं एकमेकांजवळची, आणि एकही मात्रा न लावता मन, मग, नग, गगन तयार. आठवड्यात सहा-सात मुलं 'मग' वाचून मान उडवायला लागली, मोठी माणसं म्हणतात तसं, "मगऽ?"

ळ मी 120 नंबरच्या पॉलिश पेपरमधून कापला आणि पुठ्ठ्यावर डकवला. बोटांना तोच सगळ्यांत मऊ लागतो, म्हणून हल्ली त्याच्यावरूनच भांडणं. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा कुठली आली होती अशी पेटी, असं सासूबाई ऐकवतात. चिंचोक्यांनी जमिनीवर अक्षरं आम्हीही मांडतो, पण चिंचोक्याची वेलांटी उचलून दुसऱ्या अक्षरावर ठेवता येत नाही ना!

पाचपैकी अडीच तारे, त्यातले दोन मात्रांचे. अख्खी पेटी पुन्हा घेणार नाही. त्या पारदर्शक मात्रा सुट्या विकत असाल तर चार संच आजच पाठवा.