सौर झटका मशीन: दोन एकर वावरासाठी घ्यावी का, घेतली तर कशी लावावी

उमरेड, भिवापूर, कुहीकडचं सोयाबीन-चना असो की पारशिवनी-रामटेकच्या जंगलालगतचं धान, रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) लागले की लहान शेतकऱ्याकडे दोनच उपाय उरतात: रात्रभर जागल, नाहीतर कुंपण. जाळीचं कुंपण दोन एकराला परवडत नाही. मग काही जण घरच्या मीटरवरून थेट तार सोडतात. २०१७ साली उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातल्या जय वाघाचा बछडा श्रीनिवास नागभीड तालुक्यात अशाच तारेने मेला. या तारेने माणसंही मरतात, आणि तो गुन्हा आहे. म्हणून नागपूरच्या बाजारात मिळणाऱ्या सौर झटका मशीनकडे, म्हणजे सौर पॅनलवर भरणाऱ्या बॅटरीने कुंपणाच्या तारेत झटका सोडणाऱ्या यंत्राकडे, नीट पाहायला हवं.

या मशीनचा प्रवाह सलग नसतो. साधारण सेकंदाला विजेचा एक ठोका पडतो आणि तो सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो. व्होल्टेज ८-१० हजार असलं तरी ठोक्यातली ऊर्जा (ती ज्यूलमध्ये मोजतात) ५०० ओहमचा रोध जोडून मोजली तर ५ ज्यूलच्या आत राहिली पाहिजे, असं विजेच्या कुंपणाचं सुरक्षा मानक सांगतं. जनावर दचकतं, मागे फिरतं आणि जिवंत राहतं.

दुकानदार मात्र ज्यूल सांगत नाही. तो ‘१२ हजार व्होल्ट’ आणि ‘४० एकर चालते’ असं सांगतो. हे व्होल्टेज तार न जोडता मोजलेलं असतं. ओलं गवत तारेला टेकलं की ते निम्म्यावर येतं. विचारायचे आकडे दोन: आउटपुट ज्यूल किती (साठवलेले नव्हे, कारण तो आकडा नेहमी मोठा असतो), आणि ५०० ओहमवर व्होल्टेज किती. दोन-चार एकराला २ ते ३ ज्यूल आउटपुट पुरतं. खोक्यावर हे आकडे छापलेले नसतील तर ती मशीन घेऊ नये.

किटमधला सगळ्यात कच्चा भाग म्हणजे बॅटरी आणि पॅनल. ३ ज्यूलची मशीन अंदाजे ०.४ अँपिअर ओढते, म्हणजे १२ तासांच्या रात्रीला जवळपास ५ अँपिअर-तास. किटसोबतची ७ अँपिअर-तासाची बॅटरी एका रात्रीतच खाली बसते, आणि रोज इतकी उतरली की वर्षभरात निकामी होते. २६ अँपिअर-तासाची घेतली तर सूर्य दिसला नाही तरी दोन रात्री निभतात. पॅनल ४० वॅटचं हवं. २० वॅटचं मार्चमध्ये झकास चालतं, पण श्रावणाच्या झडीत बॅटरी भरत नाही, आणि सोयाबीनच्या शेंगा नेमक्या त्यानंतर भरतात.

साहित्याचा हिशेब असा. चौरस दोन एकराचा घेर सुमारे ३६० मीटर. पाच पदर तार म्हणजे १,८०० मीटर. १४ गेजची जीआय तार घेतली तर अंदाजे ४५ किलो. क्लच वायर (बारीक तारांचा पीळ) ओढायला सोपी पडते, मात्र गंज लवकर धरते. खांब १० मीटरवर एक, कोपऱ्यांना तिरपा टेका. बांबू चालतो, पण त्याला वाळवी लागते आणि पावसात भिजला की त्यातून करंट जमिनीत उतरतो, त्यामुळे बांबूलाही इन्सुलेटर लावावेच लागतात. स्वस्त इन्सुलेटर नागपूरच्या मे महिन्यात तडकतात. ऊन सहन करणारे काळे घ्यावेत, मशीनच्या बिलात काटकसर करावी लागली तरी चालेल.

पदरांची उंची २५, ४५, ७०, १०५ आणि १४५ सेंमी. ४५ चा पदर मशीनला न जोडता अर्थिंगला जोडावा. उन्हाळ्यात माती कोरडी असली की जनावराच्या पायातून जमिनीवाटे करंट मशीनकडे परत येत नाही, म्हणून झटका बसत नाही. मात्र २५ आणि ४५ ला एकाच वेळी नाक-मान लागली की झटका बसतोच. डुकराच्या अंगावरचे राठ केस करंट अडवतात, म्हणून पहिला स्पर्श नाकाचा व्हावा अशी खालची तार असते. सगळ्यात वर पांढरी पट्टी बांधावी. रोह्याला बारीक तार अंधारात दिसत नाही, आणि कळप धावत आला तर तो पदरच तोडून नेतो.

खालची तार २५ च्या खाली नेण्याचा मोह टाळावा. खवल्या मांजर आणि कासव दचकून पळत नाहीत, तिथेच अंग आवळून बसतात, आणि ठोक्यामागून ठोका खात मरतात. घोरपड, ससा, मुंगूस यांनाही खालून वाट राहते. तसंच पूर्ण सातबारा वेढू नये. नाल्याचा काठ आणि धुऱ्यावरची (बांधावरची) झाडं बाहेर ठेवून फक्त पिकाला वेढा द्यावा. पाण्याची वाट बंद झाली की तेच जनावर दुसऱ्या बाजूने तार तोडून आत येतं.

‘मशीन चालत नाही’ अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये सापडतं. किटमध्ये एक हातभर सळई मिळते. ती काही कामाची नाही. १.८ मीटरच्या तीन जीआय सळ्या, तीन-तीन मीटर अंतरावर, जीआय तारेनेच जोडाव्यात. तांब्याची तार लावली की जोड गंजून झिजतो. जागा घराच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर दूर आणि ओलसर, विहिरीच्या पाटाजवळ असावी. एप्रिल-मेमध्ये काळ्या मातीला भेगा पडतात आणि सळईभोवती पोकळी होते. तेव्हा आठवड्याला पाणी घालावं. तपासणी सोपी आहे. मशीनपासून १०० मीटरवर तारेला जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळया टेकवून व्होल्टेज २,००० च्या खाली आणायचं, मग अर्थच्या सळईवर टेस्टर धरायचा. ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर आणखी एक सळई ठोकावी. टेस्टर आकडे दाखवणारा घ्यावा, नुसता दिवा पेटणारा नको. कुंपणाच्या टोकाला ४,००० च्या वर राहिलं पाहिजे.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तारेखालचा दोन फूट पट्टा दर पंधरा दिवसांनी विळ्याने कापावा. तणनाशक मारलं की धूप होते आणि धुऱ्यावरचे तितर जातात. तार ओढल्याच्या पहिल्याच रात्री मशीन सुरू करावी. बंद तार एकदा ओलांडलेलं डुक्कर पुढे झटका खाऊनही घुसतं. माकडांवर या कुंपणाचा काही उपयोग नाही, हे गृहीत धरूनच पैसे लावावेत.

वीज पडून मशीन जळाली तर वॉरंटी बहुधा लागू होत नाही. लाइटनिंग अरेस्टर (पडलेली वीज जमिनीत उतरवणारा भाग) वेगळ्या अर्थवर लावावा, आणि ढग गडगडू लागले की तारेची जोडणी काढावी. रस्त्याच्या बाजूने दर ५० मीटरवर धोक्याची पिवळी पाटी हवी.

या मशीनला माझ्याकडून पाचपैकी चार तारे (स्टार). एक तारा सोबतच्या बॅटरी आणि अर्थच्या सळईसाठी कापला. शक्य असेल तर मशीन सुटी घ्यावी, बॅटरी-पॅनल वेगळं. वन विभागाच्या श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे; खरेदीआधीच वनपरिक्षेत्र कार्यालयात आपलं गाव त्यात बसतं का ते विचारावं. आणि दुकानदाराकडून लेखी घ्यावं की सर्किट कार्ड बिघडलं तर दुरुस्ती नागपुरातच होईल की पार्सल बाहेरगावी जाईल. पीक उभं असताना मशीन पंधरा दिवस बाहेर राहिली तर हंगाम हातचा जातो.